सात मिनिटं

सुवामध्ये आम्ही आराखडा केला:
पंधरा आठवडे, पंधरा व्हिडिओ,
प्रत्येकी चाळीस मिनिटं.
शेवटचा रकाना 'अडचणी'.
लुसियानाने तिथे आडवी रेघ मारली
आणि आम्ही चहाला गेलो.

तिसऱ्या आठवड्यात
किरिबासच्या एका बेटावरून तेकिनेनेचा निरोप:
सर, व्याख्यान पोचतं, पण सगळं नाही.
सात मिनिटांनी तुमचं तोंड उघडंच राहतं.
आम्ही थांबतो थोडा वेळ.
मग दिवा लावायचा असतो,
बॅटरी एकच आहे.

मी कात्री घेतली.
प्रस्तावना गेली, घसा खाकरणं गेलं,
'मागच्या वेळी आपण पाहिलं' गेलं,
फळ्याकडे वळून खाल्लेला दम, तोही.
सरासरी आणि विचलन,
खोबऱ्याच्या पोत्यांची वजनं घेऊन,
सहा मिनिटं पन्नास सेकंदांत.
वीस वर्षांत इतकं कमी कधी बोललो नव्हतो.

उत्तरपत्रिका बोटीने आल्या,
कडांना मीठ.
तेकिनेनेच्या शेवटच्या पानावर, पेन्सिलीने:
सगळं पोचलं, सर.
फक्त, स्वतःच्याच विनोदावर
तुम्ही आधी हसायचात
ते कुठे गेलं?

दहा सेकंद उरतात.
त्यांचं काय करायचं
हे आराखड्यात नाही.