क्रियापद

नवापूरच्या स्टेशनात एक बाक आहे,
अर्धा महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत.
ग्रीक व्याकरण मी महाराष्ट्रात ठेवतो,
डबा गुजरातेत,
आणि मधल्या रेघेवर बसून
सुरतेकडून येणाऱ्या पॅसेंजरची वाट बघतो.
बारडोलीकडची ऊसतोड संपली.
मंडळीतली सतरा माणसं आज परत येतील.
त्यांना उतरवून घ्यायचं, टेम्पोत बसवायचं,
कुणाचं बोचकं, कुणाचं पोर.
तेवढ्यात दहा क्रियापदं पाठ करायची
एवढाच माझा बेत.

चहावाला विचारतो, काय वाची ऱ्हायना भाऊ?
ग्रीक, मी म्हणतो.
तो पेला जरा जास्तच भरतो,
आजारी माणसाला भरावा तसा.

पुण्याहून सरांचं पत्र आलंय.
निबंध उशिरा. तळटिपा अपुऱ्या.
सेवा करता हे कौतुकाचं,
पण सेवा ही सबब होऊ नये.
खरं आहे त्यांचं.
इकडे पाळक सीलास गावीत म्हणतात,
पुस्तकात डोकं खुपसून बसलास
तर मयताला खांदा कोण देणार?
तेही खरंच.
ह्या दोन खऱ्यांच्या मध्ये
माझी फटफटी पेट्रोल पिते
आणि रविवारचा संदेश
शनिवारी रात्री अकराला सुरू होतो.

अलियाब वळवी, वय चौदा.
दर मंगळवारी माझ्याकडे शिकायला येतो,
शास्त्र थोडं, गणित बरंच,
आणि माझ्या चुका काढायला हमखास.
त्याच्या रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात.
थंडी पडली की सांधे धरतात.
मग हा बडबड्या पोरगा
पाय पोटाशी घेऊन भिंतीकडे वळतो
आणि भिंतीशीसुद्धा बोलत नाही.

पौषातल्या एका रात्री, सरकारी दवाखान्यात,
सलाईनच्या दांड्याखाली
मी खिशातली कार्डं काढली.
लाज वाटत होती. परीक्षा चार दिवसांवर होती.
सहावं कार्ड: कळवळा येणे.
त्याखाली माझ्याच बारीक अक्षरात,
मूळ शब्द, आतडी.

खाटेचा लोखंडी गज धरून
त्याची आई रिबका मावचीत पुटपुटत होती.
माझ्याकडे लक्ष गेलं तशी
मला कळावं म्हणून मराठीत म्हणाली,
आतडं तुटतं हो, दादा.

मी कार्ड उलटं केलं. पुन्हा सुलटं केलं.
तीन वर्षं ज्या शब्दाच्या
धातूपासून प्रत्ययापर्यंत मी चालत होतो
तिथे ही बाई आधीपासून उभी होती,
चप्पल न घालता.
प्रार्थना करायला हवी होती.
मला सुचली नाही.
मी नर्सला शोधायला गेलो.

पहाटे दुखणं उतरलं तेव्हा
अलियाबने हात पुढे केला. कार्डं दे.
सुई नसलेल्या हाताने एकेक धरून
तो मला विचारत राहिला,
अक्षर वाचता येईना तर चित्र सांगे,
हा बघ, शेपटीवाला.
चुकलं. परत.
परत चुकलं.
उजाडेपर्यंत शिकवणी चालली,
कोण कुणाची, ते विचारू नका.

परीक्षेत ते क्रियापद आलं नाही.

आता सिग्नल पडलाय.
कुठल्या राज्यातला, इथून कळत नाही.
डबे थांबतात, दारं माणसांनी भरलेली,
कोयते गोणपाटात गुंडाळलेले,
कुणी हाक मारतं, दादा, धरा,
आणि वरून एक झोपलेलं पोर खाली येतं.

कार्ड ठेवायला वेळ नाही.
मी ते दातांत धरतो
आणि दोन्ही हात पुढे करतो.