साबण बंद

भातं कापून झाली, मळण्या उरकल्या,
आणि मष्णूमामा म्हणाला, "सोमवारपासून साबण बंद.
डोक्याला तेल नाही. विडी तर नाहीच,
चोरून ओढतोस ते ठाऊक हाय मला."
मी सतरा वर्षांचा.
कणकुंबीच्या वर, पाणंदीच्या टोकाला शेवटचं घर आमचं,
तिथनं पुढं रान, रानापुढं कडा,
कड्याखाली गोवा.

ज्याच्यासाठी हे सगळं, त्याला आम्ही सांबर म्हणतो,
बैलहोंगलाहून आलेले मास्तर कडवे म्हणतात,
घाटाखालचे मेरू.
त्यानं तिन्ही नावांना कधी ओ दिलेली नाही.

बंदूक लुमाण्णाची, ठासणीची.
पीक राखायचं लायसन, त्यावर त्याच्या बापाचा अंगठा.
नळीत कुंभारीण माशीनं घर केलेलं,
ते आधी तारेनं काढलं, मग चिंधी, मग करंजेल.
लॉरीच्या फुटक्या बॅटरीतलं शिसं
आईच्या पळीत वितळवलं.
ती पळी तिनं परत चुलीशी घेतली नाही,
बोलली काहीच नाही, गोठ्यात टांगून ठेवली.

"बार हे एका बोटाचं काम," मामा म्हणाला,
"बाकी सगळं पाठीचं.
पडलं तर ते चालत येणार नाही घरी."
म्हणून अर्धं पोतं भात पाठीवर,
ओढ्यापासून सड्यापर्यंत, दिवसातनं दोनदा.
वर पोचलो की विचारायचा, वारा कुठला?
मुठीतली राख सोडायची, बघायचं, सांगायचं.
चुकलं की पोतं परत खाली.
शांतक्का कुंपणावरनं ओरडायची,
"लगीन ठरलं काय रे? एवढं कुणाच्या दारात नेतोस?"

गुरुवारी रात्री त्यानं मला
खारट मातीच्या खड्ड्याशी बसवलं. बिनबंदुकीचा.
"आज नुसतं बसायचं. खोकला आला तर गिळ."
मांडीखाली मुंग्या, मानेवर दव,
मी खोकला गिळला, भूक गिळली,
एकदा तर स्वतःचं नावच आठवेना.
पहाटेला कायतरी आलं.
दिसलं नाही. नीट ऐकूसुद्धा आलं नाही.
भिजल्या घोंगडीचा वास आला
आणि त्या वासानं श्वास घेतला,
चार हातांवर. कदाचित तीन.
मी मनातल्या मनात बंदूक उचलली,
मनातलीसुद्धा जड होती.
मग दगडावर खूर, एकदाच,
आणि मागं नुसता काळोख, त्याच्या आकाराचा.

उजाडल्यावर मामानं विचारलं, "आलं होतं?"
"नाही," म्हटलं.
त्यानं चिखलातला ठसा बघितला, मला बघितलं,
ठशावरच पाय ठेवून उभा राहिला.
"असूंदे," म्हणाला.

शनिवारी रात्री आईनं नाचण्याच्या भाकऱ्या बांधल्या,
सुकी मिरची, गुळाचा खडा,
आणि मीठ, चांगलं शेरभर.
"पडलं तर लागंल. खरं नाही पडलं
तर परत आण, वाटेत सांडू नको."
शर्ट राखेनं धुतलेला, आठवडाभर
गोठ्याच्या आढ्याला टांगलेला.
मामाचा शेवटचा नियम:
उंबरा ओलांडला की तोंड बंद,
सडा येईपर्यंत.

तीनला उठलो.
लुमाण्णा आणि मामा बांधावर उभे,
न पेटवलेल्या विड्या ओठात धरून.
मी अंगणात उतरलो
आणि बंड्या, ज्याला मी बोटानं दूध चाटवून जगवला,
उठून गुरगुरला.
रानाकडं तोंड करून गुरगुरतो, तसा.
मी हात पुढं केला. तो मागं सरला.

आत चिमणी हलली.
"कोण हाय?" आई म्हणाली.
"कोण हाय अंगणात?"

उंबरा ओलांडून झाला होता.
पाठीवर शेरभर मीठ.
मी उभाच.