तुतीखालची सभा

ग्युमरीत, आमच्या इमारतीमागच्या अंगणात
रविवारी सभा भरली:
तुतीचं झाड ठेवायचं की तोडायचं.
साहाकच्या पांढऱ्या गाडीवर जांभळे डाग पडतात,
खरं तर एवढंच प्रकरण.
पण एवढंच कोण बोलतं?

अनुशावान काठी टेकत उठला. म्हणाला,
या झाडाला पहिली फळं धरली
त्याच वर्षी वरच्या मजल्याचं पाणी गेलं.
कावळा बसला, फांदी तुटली,
आणि कावळ्यावर तीस वर्षं खटला चालू.

मी म्हटलं, फांद्या छाटूया.
वार्दुश कडाडली:
म्हणजे आमच्या पोरांनी किड्यांत लोळायचं?
पोरांचं मी नावही काढलं नव्हतं.
साप म्हणून ती भुई धोपटत होती,
आणि भुई मी होते.

मागून कुणीतरी सुतावरून स्वर्गाला निघालं:
आज छाटणी, उद्या खाली बाक,
परवा बाकावर दारुडे,
तेरवा अंगणच विकतील.
माना हलल्या.
उतारावर पायऱ्या कोण मोजतं?

छत्तीस वर्षं मी फळ्यावर लिहिलं: सिद्ध करा.
यांतली निम्मी माणसं त्या फळ्यासमोर बसलेली.
साहाक तर पहिल्या बाकावर.
समद्विभुज त्रिकोण काढताना जीभ बाहेर यायची त्याची.
तो म्हणाला,
'बाई, तुमच्याकडे गाडीच नाही. तुम्हाला काय कळणार?'

गाडी नाही, हे खरं.
त्यावरून झाडाबद्दल काही निघत नाही, हेही खरं.
दोन खरी वाक्यं शेजारीशेजारी उभी राहिली,
कुणी त्यांची ओळख करून दिली नाही.
अकरा हात वर गेले. खाली राहिले चार.

जिना चढताना मी पुटपुटले:
हा शाळेतही नक्कलच करायचा.
आणि तिसऱ्या पायरीवर थांबले.
चोरट्या त्रिकोणाचाही कोन
मोजला तर बरोबर निघू शकतो.

स्वयंपाकघरातून झाड दिसतं.
सभेत मी सावली सांगितली, पाखरं सांगितली,
मुळांनी धरलेली माती सांगितली.
त्यातलं एकही कारण माझं नव्हतं.
माझं कारण, खालच्या फांदीवरचा दोरीचा वळ.
गारेगिननं लेकीसाठी झोका बांधला होता तिथे.
त्या वळावरून काहीही सिद्ध होत नाही.

उत्तर आधी लिहून
मग पायऱ्या रचणाऱ्या मुलांचे
मी निम्मे गुण कापायचे.

करवतवाला मंगळवारी येतोय म्हणे.
मी जुनी चादर घेऊन खाली गेले,
झाडाखाली पसरली.
दुसरं टोक धरायला
साहाकची धाकटी धावत आली.
तिनं काही विचारलं नाही,
तोंड आधीच जांभळं होतं.