बॅटरी धरणारी

गाडीची बॅटरी वेगळी. तिला पाणी घालावं लागतं.
मी म्हणते ती हातातली, दोन सेलची,
बुडावर थापटी मारल्याशिवाय न लागणारी.
ती मी धरली
एकतीस वर्षं.

परतूरच्या जिनिंगवाल्याकडून आणली
तेव्हाच फियाट दोन घरं फिरून आलेली.
यांनी अंगणात लावली, बॉनेट उघडलं
आणि आतूनच म्हणाले, "जरा बॅटरी धर गं."
माझे हात कणकेचे.
बॅटरीच्या खाचेत ती कणीक अजून आहे.

"इकडं नाही, तिकडं."
"तिकडं म्हणजे कुठं?"
"मी बघतोय तिकडं."
आता माणूस कुठं बघतोय
हे पाठीमागून कसं कळावं?
पण कळायला लागलं हळूहळू,
मानेच्या शिरेवरून.

जालन्यात नळ आठव्या दिवशी येतो. कधी बाराव्या.
घागरी मोजून, पिंप मोजून मी हिशोब लावते,
त्यात एक तांब्या रेडिएटरचा.
मे महिन्यात दोन.
पाहुण्याला विचारून अर्धा ग्लास देणारी बाई मी,
ह्या लोखंडाला कधी नाही म्हटलं नाही.
रेडिएटर गळला तेव्हा हळद दिली, चमचाभर.
टाकी पाझरली तेव्हा अंगाच्या साबणाची वडी.
अंबडच्या रस्त्यावर भर उन्हात रुसली
तर पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं,
तापल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात तसं.
खाजामियाँ मिस्त्री हसायचे,
"भाभी, इसकू दवाखाना नक्को. घर में च आराम पडता."
ते गेले. पोरानं मोबाईलचं दुकान टाकलं.

मग रविवार आमच्यावरच आला.
जुन्या पेपरवर कार्ब्युरेटर सुटा होऊन पडायचा,
जेट, फ्लोट, सुई,
निधन वार्तांवर रॉकेलचे डाग.
आणि जोडून झाल्यावर
एक स्क्रू उरायचाच.
तो लोणच्याच्या बरणीत.
बरणी गळ्यापर्यंत आली, गाडी चालतेच आहे.
कुणी, कशाला घातले होते एवढे?

यंदा संक्रांतीनंतर
यांना एका दिव्याचे तीन दिसायला लागले.
डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू, दोन्हीकडे.
तारीख मिळाली पुढच्या महिन्याची.
गाडीला तारीख कोण सांगणार?
ती परवा दिवेलागणीला बंद पडली
फाटकातच, अर्धी गल्लीत,
मागे पाण्याचा टँकर हॉर्न देतोय,
गल्लीभर घागरी रांगेत.

हे वाकले. पाना निसटला.
उचलला. परत निसटला.
डिस्ट्रिब्युटरचं टोपण काढलं, पण फट दिसेना,
बोटं तिथल्या तिथं फिरत राहिली
आंधळ्या कोशिंबिरीतल्या पोरासारखी.

मी म्हटलं, "सरका."

काळा पडलेला पॉइंट
काड्यापेटीच्या कडेनं घासला.
फट किती, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.
पण हे दर वेळी पुटपुटायचे,
लग्नपत्रिकेएवढी, जाड कागदाची.
ती टूलबॉक्समध्ये आहे अजून,
वायाळांच्या मुलीच्या लग्नाची.
तिची मुलगी यंदा दहावीला.
पत्रिका आत सरकवली. अडली पाहिजे, अडकली नाही पाहिजे.
मागून कोणीतरी, "अगं बया, काकू?"
बोलायला तोंड मोकळं नव्हतं,
दातात स्क्रू होता.

हे बॅटरी धरून उभे.
उजेड आधी माझ्या कानावर,
मग फॅनबेल्टवर,
मग शेजाऱ्यांच्या भिंतीवर.
"इकडं नाही," मी म्हटलं. "तिकडं."
"तिकडं म्हणजे कुठं?"

तिसऱ्या सेल्फला लागली.
टँकर आत आला. आमचं पिंप शेवटी भरलं,
तळाचं गढूळ, पण भरलं.

या वेळी स्क्रू उरला नाही.
यांना ते पटत नाहीये.
जेवायचं ताट वाढलंय
आणि हे अजून फरशीवर
हात फिरवत बसलेत.