कोरं रजिस्टर

पाचपावलीच्या आमच्या शाळेत
जिन्याखाली एक खोली आहे.
आधी तिथं फाटके नकाशे होते, गंजलेल्या लेझमी,
अन् एक सांगाडा, बिना डाव्या हाताचा.
जुलैत वरून पत्र आलं :
पोरायच्या मनासाठी खोली करा.
मी झाडली. सांगाडा तेवढा राहिला,
त्याले ठेवाले दुसरी जागा नव्हती.

पाटी लागली : समुपदेशन कक्ष.
मी सातवी पास. मले तो शब्द
तीनदा वाचा लागला.
पोट्ट्यायनं एकदाच वाचला
अन् नाव ठेवलं, येड्याईची खोली.

मंगळवारी हेडाऊ मॅडम येत,
स्कूटीवरून, तोंडाले दुपट्टा गुंडाळून.
दोन खुर्च्या समोरासमोर मांडत.
बडे सर माईकवरून पुकारत :
‘नववी ब, रितुल पराते,
समुपदेशनासाठी खाली यावे.’
सारा वर्ग हासे.
रितुल बाकाले चिकटून बसे,
जसं ते नाव दुसऱ्याच कोनाचं आहे.
चार मंगळवार मॅडम
सांगाड्याशीच बोलून गेल्या असतीन.

मी गुंफाबाई. घंटी माह्याकडं.
घंटीवालीले जे दिसते ते हजेरीत येत नाही.
गनिताच्या दिवशीच कोनाचं पोट दुखते.
कोन डबा उघडते, पाहते, बंद करते.
आठवीची अल्फिया बाथरूमात
नळ सुरू ठेवून रडते,
पानी बादलीत पडत नाही, फरशीवर पडते,
त्याचा आवाज येगळा असते.
अन् रितुल मधल्या सुट्टीत सायकल स्टँडवर,
स्वतःच्याच सायकलीचं पायडल
उलटं फिरवत उभा.
उलटं फिरवून सायकल कुठं जाते?
नुसती कुरकुर.

पाचव्या मंगळवारी
कपाटातून एक कोरं रजिस्टर काढलं,
लाल पाठीचं.
नववी ब च्या दारात गेली.
‘सर, एक पोट्टा द्या, हे खाली नेऊन द्याचं आहे.’
काटोले सर फळ्याकडं तोंड करून :
‘ने कोनालेही.’
‘चल बे, तू. शेवटच्या बाकावरचा.’

रजिस्टर घेऊन जाणाऱ्याले कोनी हासत नाही.
तो कामावर असते.

त्या दिवशी घंटी सात मिनिटं उशिरा झाली.
बड्या सरायनं विचारलं, काहून?
म्हटलं, घड्याळ अटकलं.
आत का बोलनं झालं मले ठाऊक नाही,
दाराले कान लावनारी बाई मी नाही.
रितुल बाहेर आला तेव्हा डोळे लाल,
हातात मॅडमच्या डब्यातली अर्धी पोळी.
‘गुंफाबाई, पानी.’
मी माठातलं दिलं. गिलास त्यानं
दोनदा भरून घेतला.

मंग ते रजिस्टर दर मंगळवारी फिरू लागलं.
दहावीच्या दोघी एकदमच घेऊन गेल्या.
दिवाळीनंतर पोट्टे स्वतःच याले लागले :
‘बाई, आज रजिस्टर न्याचं आहे का?’
हाव ना बाप्पा, न्याचंच तर आहे.

सारंच बरं झालं, असं मी म्हनत नाही.
अल्फियाचा नळ एखाद दिवशी
अजूनही सुरू राहते.
रितुल सहामाईत गनितात पुन्हा गेला,
पन सांगाले स्वतः आला,
पेपर घडी न करता.

तपासनीवाले साहेब आले,
पानं उलटवली, चष्मा वर केला.
‘याच्यात तर काहीच लिहिलेलं नाही.’
म्हटलं, ते लिहाचं नाही साहेब,
न्याचं-आनाचं आहे.
त्याहिनं चहा मागवला.

आता मार्च. कुलरात पानी भरनं सुरू झालं.
रजिस्टराची पाठ फाटली होती,
मी दाभनानं शिवली.
काल शेवटच्या तासाले
काटोले सर टेबलाजवळ येऊन उभे,
बोटायले खडू, नजर घड्याळीवर.
‘गुंफाबाई, ते रजिस्टर…
मीच नेऊन देऊ का?’

दिलं. तोंडाकडं पाह्यलं नाही.
शाळा सुटली, पोट्टे गेले,
मॅडमची स्कूटी कडुनिंबाखाली तशीच.
मले कुलूप लावाचं होतं.
किल्ली पदराच्या गाठीत राहू दिली
अन् जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर
बसून राह्यली.