गेटपास

आमच्या आयटी खात्यात तीन माणसं आणि दोन एसी.
एसी सर्व्हरसाठी आहेत,
आम्ही त्यांच्या उष्ट्या गारव्यात बसतो.
बाहेर अक्कलकोट रोडवर मे महिना,
शेडमध्ये टॉवेलांचे माग,
आणि हवेत कापसाची इतकी लव
की पंख्यांनाही मिशा फुटतात.

दोन वर्षांपूर्वी पुण्याहून नवी प्रणाली आली.
तिच्या आधी स्लाइड्स आल्या, स्लाइड्सच्या आधी जेवण.
मालकांनी नारळ फोडला, मॉनिटरला हळदकुंकू लावलं.
ते अजून कोपऱ्यात आहे,
कारण स्क्रीन पुसणं कुणाच्याच जबाबदारीत बसत नाही.

आता माऊस बिघडला तर तिकीट टाकावं लागतं.
तिकीट टाकायला माऊस लागतो.
हे मी बैठकीत बोलले, तर इतिवृत्तात आलं:
श्रीमती इराबत्ती यांनी समाधान व्यक्त केले.

पण खरं सांगू?
किती विणले, किती बाद, कुठला गठ्ठा कुठल्या गाडीत,
हे रोज रात्री ठरवायचा
गोदामात जिन्याखाली, चादरीनं झाकलेला
दूडम सरांचा डबा.
सत्त्याण्णव सालचा प्रोग्राम.
निळा पडदा, पांढरी अक्षरं,
चुकलात तर तेलुगूत दटावणार: चूसी कोट्टू.
बघून दाब.
नवी प्रणाली गुपचूप त्यालाच विचारायची
आणि उत्तर स्वतःच्या नावानं छापायची.

आराखड्यात तो नव्हता.
जे आराखड्यात नाही त्याला दुरुस्तीचं बजेट नाही,
तसंच ते बदलायला समितीही नाही.
म्हणूनच टिकला असावा.

सोमवारी, ऑडिटच्या आदल्या दिवशी, जिन्याखाली झाडलोट झाली.
साडेअकराला डिस्पॅच थांबलं.
पुणे म्हणालं, प्राधान्य दोन.
प्राधान्य एक हवं असेल तर दोन उपाध्यक्षांच्या सह्या लागतात,
त्यातले एक रजेवर, दुसरे
ते पद अजून भरायचंय.

मग मी सरांना फोन केला.
आले स्कूटरवर, डोक्याला ओला टॉवेल गुंडाळून,
आमचाच, बाद मालातला, काठाचा धागा सुटलेला.
गेटवर मल्लिनाथ म्हणाला,
सर, तुम्हाला वळखतो की ओ,
पण पास आता सिस्टीममधनं निघतो.
सिस्टीम बंद.
का, तर डबा बंद.
डबा जाणणारा गेटबाहेर, उन्हात.

सर हसले नाहीत. म्हणाले,
जा, पडद्यावर काय आहे ते वाच.
फोन कानाला लावून मी गोदामापर्यंत पळाले.
कीबोर्ड सापडत नाही.
पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा.
दीड तास तो बिचारा हेच सांगत होता,
आणि आम्ही सगळे
दुसऱ्या मजल्यावर नेटवर्क तपासत होतो.
खराट्यानं सुटलेली वायर मी खोचली.
"आता?"
पलीकडून हॉर्न, ऊन, खोकला.
"चूसी कोट्टू."

गाड्या गेल्या.
अहवाल मात्र जेवणाच्या सुट्टीतच आला, इतकं चपळ पुणं मी पाहिलं नव्हतं.
मूळ कारण: मानवी चूक.
उपाय: मानवी हस्तक्षेप कमी करणे.
तिकीट बंद, कृपया तारे द्यावेत.

गेटवर गेले तेव्हा छपाईयंत्रात अडकलेला पास
एकदाचा बाहेर आला होता:
दूडम व्यंकटेश, अभ्यागत, वैध दुपारी एकपर्यंत.
वाजले होते दीड.
सर गेले होते.
खुर्चीच्या पाठीवर तो टॉवेल, कडक वाळलेला.

मल्लिनाथ पास उलटापालटा करत म्हणाला,
म्याडम, ह्याचं काय करू?
आत आल्याशिवाय
बाहेर गेल्याची नोंद घेत नाही हो हे.