छाट

विजापूर वेशीतल्या गाळ्यात, पंख्याखाली,
यास्मिन नदाफ माझी चाळीस पानं वर-खाली सरकवते
आणि म्हणते, "सर, 'जरा' लई झालंय ओ."

शोध, म्हटलं.
तिनं चौकटीत शब्द टाकला
आणि पडदाभर हळद सांडली.
दोनशे बारा.

जरा उशीर झाला, जरा अंधार होता,
जरा गलबलून आलं.
कापूस कमी पडला की उशीत कोंबतात
तसल्या चिंध्या.

"काढू का सगळे?"
काढ.
एक कळ. एप्रिलची दुपार.
वीज होती, एवढं नशीब.

मग वाचायला घेतलं.
अम्मा केसांत ग माळायची.
घरात कुणाचा वाढदिवस कधी सा झाला नाही.
शेजारच्या मांला ती आपल्या चहातलं दूध द्यायची.
आणि पान सातवर,
विड्या वळून तिनं आमची गुण केली.

यास्मिन ओढणी तोंडाला लावून हसली.
"पूर्ण शब्दाला टिक मारायची राहिली ओ."
मीही हसलो.
गुजराणीतून जरा काढलं की गुण उरतो,
हे कुठल्या परीक्षेत आलं नव्हतं.

अम्माच्या विड्या कारखान्यात अशाच जायच्या.
हजारातल्या शंभर तपासनीस बाजूला सारायचा,
ही ढिली, ही आखूड, हिच्या पानाला भोक.
छाट.
छाटीचे पैसे नाहीत,
आणि छाट परतही मिळायची नाही.
कोण ओढायचं ती, देव जाणे.

'जरा' मुळात तिचाच.
तेलुगूत ती म्हणायची, जर आगु.
समोरचे रज्जाकचाचा, जरा ठैरो.
नळावर सगळ्याच, जरा सरका की ओ.
आमच्या बोळात एवढा एक शब्द
दार न वाजवता कुठल्याही घरात शिरायचा.
कॉलेजात संस्कृतचे सर सांगायचे,
जरा म्हणजे म्हातारपण.
तिथवर ती पोचलीच नाही.

पान एकतीस.
इथं काहीच मोडलेलं नव्हतं,
व्याकरण ठीक, पूर्णविराम जागेवर.
अम्मा म्हणायची, पोटात दुखतंय.

नाही.
असं ती कधीच म्हणाली नाही.
दोन वर्षं म्हणत होती, जरा दुखतंय,
आणि सूप मांडीवर ओढून घ्यायची,
आणि आम्ही नेमकं तेवढंच ऐकायचो, जरा,
म्हणून कुणी रिक्षा बोलावली नाही.

"परत आण," म्हटलं.
दोनशे बाराच्या दोनशे बारा आले, पिवळेधमक.
मांजराला शेपूट फुटलं,
गजरा केसांत बसला.

मग एकेक करून माझे काढले,
उशिराचा, अंधाराचा, गलबलून येण्याचा.
तिचे ठेवले.
एकतीसवर यास्मिनचं बोट थांबलं.
"सर, ह्याचं काय करू?"
बाहेर टेम्पोत टॉवेलचे गठ्ठे चढत होते.
मी ते मोजत बसलो.

प्रूफ काळ्या-पांढऱ्यात निघालं.
पान एकतीसवर
एका शब्दामागं राखाडी चौकोन,
ओल्या बोटाच्या डागासारखा.

"छपाईत जाईल ओ ते,"
यास्मिन म्हणते.